उडून गेला, हरवला, सुटला

पाळलेला पक्षी घरातून नाहीसा झाला की मराठीत तीन क्रियापदं हाताशी असतात. कुत्र्याचं तसं नसतं. कुत्रा हरवतो, विषय संपला. पक्षी मात्र 'उडून जातो', 'हरवतो' किंवा 'सुटतो'. उडून गेला म्हटलं की कोणाचाच दोष उरत नाही, पंख होते, वापरले. हरवला म्हटलं की शोधायला निघावं लागतं. आणि सुटला म्हटलं की शोधणंच अपराध वाटायला लागतं. पहिल्या संध्याकाळी घरात यातलं कुठलं क्रियापद जिंकतं, त्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कोण किती वाजता उठणार हे ठरतं.

नाशिकला माझ्या मावशीच्या घरी हे तिन्ही शब्द एकाच दिवशी ऐकले. तिच्याकडे कॉकॅटिएलची जोडी होती, किकू आणि चिकू. (पक्ष्यांच्या दुकानात यांना सर्रास 'कॉकटेल' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मेन्यू शोधत होतो.) राखाडी अंग, पिवळा चेहरा, गालावर नारिंगी ठिपका, मूडप्रमाणे वरखाली होणारा तुरा. दिवसा दोघं घरभर मोकळे असायचे. त्या दिवशी गॅलरीची कबुतरांची जाळी बदलायला माणूस आला होता. हॉलमध्ये काहीतरी आपटलं, पडद्याच्या दांडीवर बसलेला किकू दचकला आणि जुनी जाळी उतरलेली, नवी लागायची, अशा त्या दहा मिनिटांत चौथ्या मजल्यावरून बाहेर पडला.

शेजारचे म्हणाले, "बरं झालं, सुटला बिचारा. पुण्यच लागेल." काकाही तेच म्हणाले, जरा हळू आवाजात. मावसभाऊ म्हणाला, "उडून गेला." मावशी म्हणाली, "हरवलाय." राजाचा पोपट मेला हे राजाला कोणी सांगायचं, ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तो खात नाही, पीत नाही, डोळे उघडत नाही, इतकंच सांगायचं. उरलेला शब्द राजाने स्वतः उच्चारायचा. आमच्याकडे त्या संध्याकाळी उलटं चाललं होतं. सगळे मिळून मावशीला एक गोड शब्द देत होते आणि ती तो घेत नव्हती.

मला मावशीचं बरोबर वाटतं, आणि ते ती हळवी आहे म्हणून नाही. 'सुटला' हा शब्द कॉकॅटिएलच्या बाबतीत खोटा आहे. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. तिथे तो थव्याने राहतो, पाऊसपाण्यामागे फिरतो, जमिनीवर उतरून गवताचं बी टिपतो. शिकारी पक्षी आला तर थव्यातल्या कोणाच्या तरी डोळ्याला आधी दिसतो. या पक्ष्याचं स्वातंत्र्य म्हणजे ते सगळं मिळून: थवा, गवत, ओळखीचं आकाश. नाशिकच्या आकाशात शंभर ग्रॅमपेक्षाही हलका, एकटा, स्टीलच्या वाटीतला राळा सोडून दुसरं अन्न न पाहिलेला जीव, आणि भोवती कावळे, घारी, शिक्रे. त्यात घरात वाढलेल्या पोपटवर्गीय पक्ष्यांची एक अडचण असते, जी पक्षी पाळणारे सगळे सांगतात: घाबरून वर चढणं त्यांना जमतं, उंचावरून खाली उतरणं जमत नाही. आयुष्यभर आठ-नऊ फुटांच्या छताखाली उडलेल्याला चार मजल्यांचा उतार कोण शिकवणार? समोरच्या झाडाच्या शेंड्यावर बसून तो ओरडत राहतो. खालून बघणाऱ्याला ते स्वातंत्र्य दिसतं.

यावर हमखास कोणीतरी लंडनच्या पोपटांचं उदाहरण देतं. आपल्याकडचाच कंठवाला पोपट तिकडे पिंजऱ्यातून सुटला आणि आज लंडनच्या बागांमध्ये त्याचे थवे आहेत. खरं आहे. पण माझ्या धंद्यात याला नाव आहे, सर्व्हायव्हरशिप बायस. जे जगले त्यांचे थवे झाले, म्हणून ते दिसतात. जे तिसऱ्या दिवशी कुठल्या छपरावर संपले त्यांचा थवा होत नाही.

इथपर्यंत सोपं आहे. पुढे अवघड होतं, कारण हाच युक्तिवाद दुसऱ्या टोकाने धरला तर तो पिंजऱ्याची वकिली करतो. बाहेर जगू शकत नाही, म्हणून आत ठेवा. पण बाहेर जगू शकत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या आत ठेवला. ज्या हाताने अडकवलं तोच हात आता आधार म्हणून पुढे येतो, आणि याला काहीतरी वास येतो हे मान्य करायला हवं. आपला कायदाही इथे चाचपडतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट पाळणं गुन्हा आहे, कॉकॅटिएल किंवा बजी पाळणं तसा गुन्हा नाही. पिंजरा तोच, फक्त पूर्वजांचा पत्ता वेगळा. २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटलं की आकाशात उडणं हा पक्ष्यांचा मूलभूत हक्क आहे. वाचून बरं वाटलं. पण ज्याचे आईबापही पिंजऱ्यातच जन्मले, त्याला कुठलं आकाश द्यायचं?

स्यू डोनाल्डसन आणि विल किमलिका या दोघांनी 'झूपोलिस' (२०११) या पुस्तकात यातून एक वाट काढली आहे. त्यांच्या मते सगळ्या प्राण्यांना एकच न्याय लावू नये. रानातले प्राणी म्हणजे जणू स्वतंत्र राष्ट्रं, त्यांच्यात लुडबुड करू नका. शहरातली कबुतरं, खारी हे आपल्यातच राहणारे पण आपले नसलेले. आणि ज्यांना आपणच आपल्यावर अवलंबून केलं ते आपल्या समाजाचे सदस्य, त्यांचं आपण देणं लागतो. या हिशेबाने किकू सकाळी तिसऱ्या गटात होता आणि दुपारी कागदोपत्री पहिल्या. गट असे दहा मिनिटांत बदलत नाहीत, एवढं मला या पुस्तकामुळे कळलं.

मालकीचं मात्र तसं नाही, ती खरंच दहा मिनिटांत संपू शकते. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाच्या काळात रोमन कायद्याचं जे पाठ्यपुस्तक तयार झालं, त्यात रानटी प्राण्यांबद्दल स्पष्ट नियम आहे. पकडलेला प्राणी तुमच्या ताब्यात आहे तोवर तुमचा. तो नजरेआड झाला, किंवा दिसत असूनही त्याचा पाठलाग अवघड झाला, की तो कोणाचाच नाही. पुढे जो पकडेल त्याचा. अपवाद कबुतरं, मधमाश्या यांच्यासारख्यांचा, ज्यांना जाऊन परत यायची सवय असते. ती सवय टिकून आहे तोवर ती तुमची. किकूला परत यायची सवय होती, पण हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंतच. रोमन न्यायाधीशाने मावशीचा दावा बहुधा फेटाळला असता. मला हा नियम आवडतो, कारण तो दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवतो. 'माझा' हा शब्द नजरेआड झाल्यावर संपतो. पण त्याला उतरायला शिकवलं नाही, हे देणं संपत नाही.

मी शनिवारी पोचलो तेव्हा मावशीचा तिसरा दिवस चालू होता. पहाटे साडेपाचला चिकूचा पिंजरा गच्चीत न्यायचा, कारण जोडीदार दिसेनासा झाला की हे पक्षी एकसारखी हाक मारतात आणि तीच ऐकून दुसरा जवळ येऊ शकतो. शेजारी वाटीत राळा आणि सूर्यफुलाच्या बिया. सकाळ-संध्याकाळ, कारण पक्षी त्याच वेळी जास्त बोलतात. मधल्या वेळात सोसायट्यांच्या वॉचमनना फोटो दाखवायचे. खालच्या मजल्यावरून चिकूच्या आवाजाबद्दल तक्रार आली. काका ती मिटवायला गेले आणि चहा पिऊन आले.

मग सहाव्या दिवशी फोटो आला, पंचवटीतून. गॅलरीत येऊन बसलेला कॉकॅटिएल, नवाकोरा पिंजरा, शेजारी सहा-सात वर्षांची मुलगी. तिने त्याचं नाव बिट्टू ठेवलं होतं. राखाडी नर सगळे सारखेच दिसतात, आणि किकूच्या पायात नंबरचं कडं नव्हतं. पाठोपाठ वीस सेकंदांचा व्हिडिओ आला, त्यात पक्षी गप्प. मुलीचे वडील फोनवर म्हणाले, "तुमचा असेल तर खुशाल घेऊन जा. फक्त पोरीला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."

ओळखायची एक खूण होती. किकू घरच्या डोअरबेलची धून शिट्टीवर वाजवायचा. काका म्हणाले, "जाऊ, बेल रेकॉर्ड करून ऐकवू, कळेल लगेच." मावशीने व्हिडिओ तीनदा पाहिला आणि म्हणाली, "आपला नाही." मी म्हटलं, "मावशी, ऐकवून तरी बघू." ती म्हणाली, "आणि वाजवली त्याने तर काय करू?"

तिचं म्हणणं होतं की ती त्याच्यासाठी शोधत होती, स्वतःसाठी नाही. फोटोतला पक्षी किकू असेल तर तो सुखरूप आहे, शोध संपला. नसेल तर तिथे जाण्यात अर्थ नाही. तर्क बिनतोड आहे, आणि तरी मला तो पटलेला नाही. मला वाटतं जायला हवं होतं. मावशीचा हक्क म्हणून नाही, त्या मुलीकडून हिसकावायला तर नाहीच. पण घरी चिकू सहा दिवस हाका मारत होती, आणि त्या हाकेला उत्तर देणारा तिथे असेल तर त्यालाही कोणीतरी विचारायला हवं होतं. आपण माणसांनी माणसांमध्येच निकाल लावला. मावशी म्हणते, विचारायचं म्हणजे घेऊनच यायचं, हे तुला कळत नाही. यावर आमचं अजून एकमत नाही आणि फोनवर हा विषय निघाला की काका टीव्हीचा आवाज वाढवतात.

चिकूचे पंख छाटायचे का, हा प्रश्न नंतर आला. छाटणं म्हणजे टोकाकडची काही मोठी पिसं कापायची. पूर्ण वाढलेल्या पिसाला दुखत नाही, नखासारखं असतं, आणि पिसं गळून नवी आली की पुन्हा उडता येतं. गंमत म्हणजे छाटा म्हणणारे काका होते, पहिल्या दिवशी 'सुटला बिचारा' म्हणणारे. मावशीने ऐकलं नाही. तिने गॅलरीच्या दाराला आतून जाळीचं दुसरं दार लावून घेतलं आणि रोज संध्याकाळी चिकूला उतरायला शिकवते. उंचावर बसवायचं, खालून हाक मारायची, आली की बी द्यायचं. सध्या चिकू कपाटावरून पलंगापर्यंत येते. माळ्यावरून अजून येत नाही, तिथेच बसून ओरडते आणि मग कोणीतरी स्टूल आणतं.