रिपोर्ट नॉर्मल

मध्यरात्री छातीत धडधड वाढते, हातापायांना मुंग्या येतात, श्वास पुरेनासा होतो. पंचविशीतल्या मुलाला घरचे घाईने दवाखान्यात नेतात. ईसीजी नॉर्मल निघतो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मुलाचा त्रास मात्र तसाच असतो. फक्त आता तक्रार करायची सोय उरलेली नसते. ‘तुला काय कमी आहे?’ हा प्रश्न पुढे येतो. तो प्रेमातून आलेला असला तरी त्यात एक अट असते: आधी पटेल असं कारण दे, मग तुझं दुखणं खरं मानू. ही अट मला अन्यायाची वाटते.

अशा त्रासामागे असू शकणारा चिंताविकार काही दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९मध्ये जगात ३० कोटींहून अधिक लोकांना तो होता आणि त्याची सुरुवात बहुधा लहानपणी किंवा ऐन तरुणपणात होते. स्त्रियांमध्ये त्याचं प्रमाण अधिक आढळतं. आनुवंशिकता, बालपणीचे आघात, बेकारी यांचाही त्यात वाटा असतो. पण हे घटक समूहाबद्दल सांगतात. उदाहरणार्थ, २०२४च्या यूपीएससीला जवळपास दहा लाख अर्ज आले आणि शिफारस झाली १,००९ जणांची. अशा शर्यतीत चिंता वाढणारच; तरी अभ्यासिकेतल्या शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा शांत का, हे त्यावरून कळत नाही. परीक्षेशी काही संबंध नसलेल्या, भरल्या घरातल्या मुलीलाही हा विकार होतोच.

‘आजकाल साध्या टेन्शनलाही आजार म्हणतात,’ या आक्षेपात तथ्य आहे. मुलाखतीआधी पोटात गोळा येणं हा आजार नव्हे. पण काळजी महिनोन्‌महिने सुटत नसेल, झोप, अभ्यास, नोकरी कोलमडत असेल, तर निदान डॉक्टरांनी करायचं असतं, काकांनी नाही. ‘आमच्या काळी असलं काही नव्हतं’ म्हणणाऱ्यांना विचारावं, तेव्हा मोजलं कुणी होतं? बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६मध्ये बारा राज्यांत पाहणी केली (महाराष्ट्र त्यात नव्हता), तेव्हा नैराश्य, चिंता असे नेहमीचे विकार असलेल्या शंभरांतल्या सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नव्हते. म्हणजे जास्त निदान होण्याची भीती आपल्याकडे तरी अजून लांबची आहे.

मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलि-मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२पासून चोवीस तास चालू आहे, मराठीतही बोलता येतं. दोन खोल्यांच्या घरात तो फोन करायचा कुठून, हीच अडचण असते. घरच्यांनी अर्धा तास खाली फेरी मारून यावं, आणि परतल्यावर काय बोलणं झालं ते विचारू नये.