नागद्वारची वाट आणि पुण्याचे स्थान

सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड (सुमारे १,३५० मीटर) ज्या पचमढी परिसरात आहे, तेथील नागद्वार या गुहास्थानी नागपंचमीच्या सुमारास नागपूर-विदर्भातील असंख्य भाविक दऱ्याखोऱ्यांतून पायी जातात; व्याघ्र प्रकल्पातील ही वाट वर्षातून मोजकेच दिवस खुली असते. पुण्य दर्शनात की चालण्यात, हा प्रश्न येथे अटळ होतो, कारण अद्वैतमत, म्हणजे जीव व ब्रह्म एकच मानणारा विचार, स्वीकारल्यास प्रवासाचे प्रयोजनच उरत नाही. मात्र ही तार्किक आपत्ती निसरड्या चढणीवर फारशी टिकत नाही: स्पेनमधील सांतियागोकडे जाणारा ख्रिस्ती यात्रेकरू असो वा महाशिवरात्रीला पचमढीजवळच्याच चौरागड या डोंगरावर खांद्यावरून त्रिशूळ नेणारा वैदर्भीय शेतकरी, दोघांचाही देह थकताना अहंता, म्हणजे मीपणाची जाणीव, झिजत जाते, आणि ही झीज केवळ युक्तिवादाने साधल्याचे क्वचितच दिसते.