भरल्यावर होडी किती बुडते

विजयदुर्गात एक म्हातारा तांडेल होता. त्याला एक मुलगा होता, मुलाकडे एक होडी होती आणि त्या मुलाला एक मुलगी होती. त्या मुलीला गणित येत होतं.

येत होतं म्हणजे नुसते मार्क पडत होते असं नाही. बापूस मासळी विकून आला की डिझेल, बर्फ आणि खलाशांचा वाटा वजा जाता हातात काय उरलं, हे ती पानं वाढून होईस्तोवर सांगायची. आठवडाभराचे आकडे मांडून ती बापसाला दाखवायची, की ज्या दिवशी टोपल्या जास्त भरल्या त्या दिवशी कमाई जास्त झाली असं नाही, कारण भाव पडलेला होता. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

बारावीचा निकाल लागला तेव्हा होड्या वर ओढलेल्या होत्या. 1 जून ते 31 जुलै समुद्र बंद. घरात पैसा यायचा बंद आणि नेमका तेव्हाच प्रवेशाचा हंगाम. मुलीला गणितच शिकायचं होतं. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ योजनेत बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यातल्या मुलांना मूलभूत विज्ञान आणि गणित शिकण्यासाठी वर्षाला 80,000 रुपयांपर्यंत मिळत होते, पण त्या रेषेच्या ती थोडी खाली राहिली. मग समोर दोन वाटा उरल्या. एक, मोठ्या शहरातलं खासगी विद्यापीठ: काचेची इमारत, अभ्यासक्रमाला भारदस्त नाव आणि राहण्याखाण्यासकट वर्षाला 3 लाख. दुसरी, रत्नागिरीतलं अनुदानित महाविद्यालय: फी काही हजार, वसतिगृह, खाणावळ, पुस्तकं धरून वर्षाला 70,000.

खासगी विद्यापीठाच्या माणसाचा रोज फोन यायचा. “ताई, सीट तुमच्यासाठी धरून ठेवलीय, उद्यापर्यंतच.” तो उद्या आठ दिवस चालला.

बापूस तयार होता. नेहमीच्या शैक्षणिक कर्जाला 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही; साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक घर नाहीतर जमीन मागते. इथे तीन वर्षांचे मिळून 9 लाख लागणार होते. बापूस म्हणाला, “चेडवाक शिकवूचा तर शिकवूया. घर काय डोक्यार घेऊन जावचा हा?”

यात त्याची चूक नव्हती. मुलीसाठी घर तारण ठेवायला निघालेल्या बापाला मी तरी नावं ठेवणार नाही. पण पैसा किती घालायचा हे माया ठरवायला लागली की पुढचा हिशोब कुणी करत नाही, हेही मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

म्हातारा तांडेल झापांखाली शाकारलेल्या होडीपाशी बसून फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस दाबत होता. नात जवळ येऊन बसली. त्यानं अंगठा होडीच्या अंगावर ठेवला. तिथे दोन रेघा होत्या. खालची फिकट रेघ म्हणजे रिकामी होडी पाण्यात जिथवर बसते ती, आणि वीतभर वर शेवाळ वाळून काळपट झालेली ती भरलेल्या होडीची.

“होडयेत माल किती भरूचो ता भरणारो ठरवणा नाय,” म्हातारा म्हणाला, “पाणी ठरवता. भरल्यावर तुझी होडी किती बुडतली, ता आधी सांग गो.”

विजयदुर्गच्या माणसाला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली एक भिंत आहे. गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की शत्रूची खोल बुडाची जहाजं तिच्यावर आपटून फुटायची आणि मराठ्यांची उथळ बुडाची गलबतं वरून निघून जायची. भिंत तीच आणि समुद्रही तोच. फरक असायचा तो जहाज किती बुडतं याचा.

मुलीनं वही आणली. व्याज दहा टक्के धरलं. शिकत असताना आणि नंतर एक वर्ष हप्ता नाही, हे बँकेच्या कागदावर ठळक छापलं होतं. हप्ता नसला तरी व्याज असतं, हे तिनं स्वतः मांडून पाहिलं. पहिल्या वर्षीच्या 3 लाखांवर चार वर्षांचं, दुसऱ्या वर्षीच्या पैशावर तीन वर्षांचं, तिसऱ्या वर्षीच्यावर दोन. सरळव्याजानंसुद्धा 2,70,000 झाले. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी डोक्यावर 9 लाख नाही, 11,70,000. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे 15,460 रुपये. एकूण साडेअठरा लाख.

म्हाताऱ्यानं आकडे ऐकले आणि खाडीकडे बोट दाखवलं. “भरतेक खंयचीय होडी तरंगता. सुकती इल्यार कळता.”

दुसरी वाट मांडली. 2,10,000 कर्ज, 63,000 व्याज, मिळून 2,73,000. पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याला 5,800.

आता कमाई. तिनं गावातल्या पदवी घेतलेल्या मुलामुलींना विचारलं आणि पहिला पगार 20,000 धरला. यापेक्षा जास्त धरायला तिचा हात धजला नाही. 20,000 मधून 15,460 गेले तर शहरात खोली, जेवण आणि प्रवासाला साडेचार हजार. 5,800 गेले तर चौदा हजारांच्या वर.

इथे गणिताच्या पदवीबद्दल एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती मुलांना कुणी सांगत नाही. गणित शिकायला महाग नाही. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, फळा आणि समजावून सांगणारा माणूस लागतो. भारतीय सांख्यिकी संस्थेसारखी संस्था तर प्रवेशपरीक्षेतून निवडलेल्या मुलांना वर्षानुवर्षं विद्यावेतन देऊन गणित शिकवत आली आहे. पण गणिताची कमाई उशिरा येते. नुसत्या बी.एस्सी.वर थोडीच दारं उघडतात. शाळेत शिकवायचं तर बी.एड., महाविद्यालयात शिकवायचं तर एम.एस्सी. आणि नेट किंवा सेट. ‘जॅम’ परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं. विमा क्षेत्रातल्या ॲक्च्युअरीच्या परीक्षा एकेक करून द्याव्या लागतात आणि त्यात वर्षं जातात. पैसा आहे तो दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर. पहिल्याच पायरीवर 15,460चा हप्ता गळ्यात पडला तर मिळेल ती नोकरी धरावी लागते आणि पुढच्या पायऱ्या तिथेच राहतात. बँकेनं मुदत वाढवून दिली तरी व्याज थांबत नाही. शिकायची हौस असलेली, हुशार मुलं गणित सोडून जातात ती बहुतेक वेळा अशी. विषय अवघड गेला म्हणून जाणारी मला फार कमी दिसली.

संध्याकाळी शाळेतले जुने मास्तर आले. त्यांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्ट काढली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळुकचा मुलगा, 1866चा जन्म. वडील लवकर गेले. थोरल्या भावाचा, गोविंदरावांचा पगार महिना पंधरा रुपये. त्यातले आठ ते कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवायचे. गोपाळ 1884 साली एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाला, पुण्यात मास्तर झाला, गणित शिकवू लागला. त्यानं लिहिलेलं अंकगणिताचं पुस्तक पुढे कितीतरी वर्षं शाळांतून चाललं आणि त्याचे पैसे घरखर्चाला येत राहिले.

मुलीनं वहीच्या कडेला लिहिलं. पंधरातले आठ म्हणजे शंभरातले त्रेपन्न. खाली लिहिलं: वीस हजारांतले 15,460, शंभरातले सत्त्याहत्तर. त्याखाली: 5,800, शंभरातले एकोणतीस.

“त्रेपन्न दिले तरी गोखले शिकलेच ना?” बापूस म्हणाला.

चुलीपाशी बसलेली आई पहिल्यांदाच बोलली. “भाऊ होतो तो. बँक काय भाऊ हा?”

मुलगी वही घेऊन म्हाताऱ्याकडे गेली. “आजो, नऊ लाख घेतले तर माझ्या होडयेखाली बोटभर पाणी रवणा नाय.” म्हातारा काही बोलला नाही. त्यानं कापसाचा बोळा फटीत दाबला आणि वरून थापटला.

नवव्या दिवशी फोन आला तेव्हा तिनं त्या माणसाला एकच विचारलं. तुमच्याकडून पदवी घेऊन गेल्या वर्षी बाहेर पडलेल्यांचे पगार लेखी पाठवाल का? तो म्हणाला, सरांना विचारून सांगतो. पुन्हा फोन आला नाही.

ती रत्नागिरीला गेली. होड्या अजून वरच होत्या. म्हातारा एसटीपर्यंत आला आणि जाताना त्यानं तिच्या हातात नारळाची एक जुनी करवंटी दिली, होडीतलं पाणी उपसायची. कितीही कापूस भरला तरी लाकडी होडीत थोडं पाणी शिरतंच. ते रोज उपसलं तर वीतभराची रेघ वीतभरच राहते.

करवंटी तिनं वसतिगृहातल्या टेबलावर ठेवली आणि एका रात्री वही उघडली. 70,000चं वर्षाचं व्याज 7,000, म्हणजे महिन्याला 583. दुसऱ्या वर्षी ते 1,167 होणार, तिसऱ्या वर्षी 1,750. शिकतानाच भरत गेलं तर 2,10,000चे 2,73,000 होत नाहीत. हप्ता 5,800 वरून 4,462 वर येतो, आणि मधे एम.एस्सी.ची दोन वर्षं काढली तरी ओझं तेवढंच राहतं.

जवळच्या आळीत दहावीतल्या एका मुलाला भूमिती येत नव्हती. कॉलेज सुटल्यावर ती त्याला शिकवायला जाऊ लागली. महिना झाला तेव्हा त्याच्या आईनं सहाशे रुपये हातावर ठेवले. दुसऱ्या दिवशी बँकेत 583 भरून ती बाहेर आली आणि पायरीवर उभी राहून तिनं घरी फोन लावला. बापसानं उचलला.

“आजोक सांग,” ती म्हणाली, “ह्या महिन्याचा पाणी उपसला.”