दात्याचे नाव आणि संपादकाची लेखणी

जुन्नरच्या लेण्यांत दानलेखांना तोटा नाही. चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला, इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदविली, धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व टाके अर्पण केले, ही नोंद कातळावर ब्राह्मी अक्षरांत कोरलेली आहे. आणि घोडेगावचे एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना त्यांचे सारे विद्यार्थी नुसते गुरुजी म्हणतात, त्यांनी परवा हे दाखले काढले ते पुराणवस्तूंच्या कौतुकापायी नव्हे, तर मंचरच्या एका विश्वस्तनिधीवर चालणाऱ्या साप्ताहिकाचे संपादकपद त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे चालून आले होते आणि ते घ्यावे की न घ्यावे या विवंचनेत तो त्यांच्याकडे आला होता, म्हणून.

"खाजगी मालकाच्या पत्रात निदान हुकूम दिसतो, गुरुजी," तो म्हणाला. "तो पाळायचा की नोकरीवर पाणी सोडायचे, एवढाच प्रश्न उरतो. धर्मादाय पत्रात कोणी हुकूमच देत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे पदरमोड करून अंक जगविला, ते चहाचा कप पुढे सरकवतात आणि म्हणतात, 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा.' त्या शब्दांचा जो मिंधेपणा येतो तो धमकीने येत नाही. समजा, डोंगरपट्ट्यातल्या एखाद्या वसतिगृहाच्या अधीक्षकाविरुद्ध मुलांच्या तक्रारी माझ्या हाती आल्या, आणि त्या वसतिगृहाचा आधारस्तंभ तोच आमच्या साप्ताहिकाचाही निघाला, तर मी काय छापावे?"

"हा पेच एकट्या मंचरचा नाही," गुरुजी म्हणाले. "बेने इस्राएल लोकांचे पाहा. शब्बाथला घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणत, ते हे ज्यू आपलीच मराठी बोलत. वल्हांडण सणाची त्यांची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह पुण्यात १८७४ साली छापली गेली. पुढे डेव्हिड एरुलकर यांनी १९१७ ते १९२७ या काळात 'इस्राएलाइट' हे इंग्रजी-मराठी मासिक चालविले, आणि त्याच सुमारास त्या चिमुकल्या समाजात परिषद आणि लीग अशा दोन संस्था समोरासमोर उभ्या राहिल्या. काही हजारांचा समाज, त्यातही वर्गणी भरणारे थोडे, आणि शनिवारी सारे एकाच सभास्थानात शेजारी शेजारी बसणारे. अशा ठिकाणी ज्याच्यावर लिहायचे तो संपादकाचा व्याही निघण्याचाच संभव अधिक."

"मग अशा समाजात कोणी मोकळेपणाने लिहिले आहे काय?"

"लिहिले आहे. न्यूयॉर्कच्या 'ज्युइश वीक' या साप्ताहिकाला तिथल्या ज्यू महासंघाचा आर्थिक आधार होता. तरी त्याचे संपादक गॅरी रोझेनब्लाट यांनी जून २००० मध्ये, तरुणांच्या एका बड्या धार्मिक संघटनेत अनेक वर्षे वावरलेल्या एका रब्बीने मुलामुलींचा छळ केल्याची हकीकत साक्षीपुराव्यानिशी छापली. गहजब झाला. समाजाची अब्रू वेशीवर टांगली, असे म्हणणारे निघाले; धर्मशास्त्राचाही आधार काढण्यात आला, कारण ज्यू धर्मात लाशोन हारा हे मोठे पातक आहे, आणि गंमत अशी की ते खोट्या निंदेला नव्हे, खऱ्या निंदेलाच लागू पडते."

विद्यार्थी हसला. "म्हणजे आपल्याकडच्या अप्रिय सत्य न बोलण्याच्या उपदेशाहूनही कडक!"

"कडक खरे, पण अपुरे नव्हे. लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात ज्या सोळाव्या वचनात चहाडी करीत हिंडण्याची मनाई आहे, त्याच वचनाच्या उत्तरार्धात शेजाऱ्याचे रक्त सांडत असता स्वस्थ उभे राहण्याचीही मनाई आहे. एकाच श्वासात दोन्ही आज्ञा. अर्धे वचन सांगणारा मनुष्य बहुधा ज्याचे झाकायचे त्याच्या बाजूचा असतो."

"पण गुरुजी, रब्बी इस्राएल मेयर कागान यांनी १८७३ साली या विषयावर जो ग्रंथ रचला, त्यात पीडिताच्या हितासाठी बोलण्याची मुभा देतानाच, आधी त्या माणसाला एकांतात समज द्यावी, अशीही अट आहे. म्हणजे मी प्रथम त्या अधीक्षकाकडे आणि विश्वस्तांकडे जावे काय?"

येथे गुरुजी बराच वेळ गप्प राहिले. माझ्या मते हाच या संभाषणातला खरा अवघड प्रश्न होता, बाकीचे सारे तुलनेने सोपे. शेवटी ते म्हणाले, "समज देऊन उपयोग होणार नसेल तर ती अट उरत नाही, हेही त्याच ग्रंथकाराचे मत. त्या रब्बीविषयीच्या तक्रारी १९८९ मध्येच धर्मपंचायतीपुढे जाऊन आल्या होत्या, आणि तो पुढे अकरा वर्षे मुलांतच वावरत राहिला. २००२ मध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरविले तेव्हा कुठे विषय संपला. आरोपीची कैफियत छापण्यापूर्वी अवश्य घ्यावी, तो त्याचा हक्क आहे. पण विश्वस्तांची परवानगी मागणे निराळे, कारण परवानगी मागितली की नकार देण्याचा अखत्यारही आपण त्यांच्या पदरात घातला."

"लंडनच्या 'ज्युइश क्रॉनिकल'ची गोष्ट याच्या उलट," विद्यार्थी म्हणाला. "१८४१ पासूनचे पत्र. २०२० मध्ये ते नव्या मंडळींच्या हाती गेले, पण पैसा नेमका कोणाचा याचा उघड खुलासा झाला नाही. २०२४ च्या सप्टेंबरात एका बाहेरच्या लेखकाचे संशयास्पद वृत्तांत काढून टाकावे लागले आणि जोनाथन फ्रीडलंड यांच्यासारख्या नामवंत स्तंभलेखकांनी राजीनामे दिले."

"तेच मी लेण्यांवरून सांगत होतो. चिटाचे नाव मंडपाशी कोरलेले आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला कळते की हे अन्न कोणाच्या छायेत शिजते. श्रेणीकडे ठेव ठेवून व्याज कशावर खर्चावे हे ठरवून देणारे दातेही त्या काळी होते. दात्याचा तेवढा हक्क मी मानतो. पण भिक्षूंनी प्रवचनात काय सांगावे, याची अट मी त्या लेखांत कोठे वाचली नाही."

दोघांनी मग न्यासपत्रासाठी दोन कलमांचा मसुदा केला: प्रतिवर्षी पहिल्या अंकात देणगीदारांची नावे रकमांसह छापावीत; आणि संपादकाला दूर करावयाचे झाल्यास विश्वस्तांनी आपली कारणे व संपादकाचे उत्तर, दोन्ही त्याच साप्ताहिकात प्रसिद्ध करावीत. विश्वस्तांनी पहिले कलम आनंदाने मान्य केले, कारण आपले नाव छापून येण्यास हरकत घेणारा दाता विरळा. दुसरे पुढील बैठकीवर ढकलले आहे. माझे मत विचाराल तर खरे रक्षण त्या दुसऱ्या कलमातच आहे, आणि ते मंजूर होईपर्यंत त्याने त्या खुर्चीवर बसू नये.