विषयचिंतनाचे द्वार

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक ६२-६३) भगवंतांनी मनुष्याच्या अधःपाताचा क्रम सांगितला आहे. त्याचा आरंभ विषयभोगाने नव्हे, विषयचिंतनाने होतो. चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध. दूरदर्शनवर १९७६ साली जाहिराती सुरू झाल्या. १९८७ साली ‘रामायण’ मालिका आली, तेव्हा कित्येक गृहस्थ स्नान करून, संचास हार घालून, हात जोडून बसत. भक्तीने एकाग्र झालेल्या त्याच चित्तापुढे वस्तूंच्या जाहिरातीही येत. जाहिरात बळजबरी करीत नाही. ती केवळ पुनःपुन्हा चिंतन करविते. पुढील वाट मन आपणच चालते. बालक हट्ट धरते, पिता संतापतो, घराची शांती ढळते. यास्तव जाहिरात लागताच गृहस्थाने संचाचा आवाज बंद करून नामस्मरण करावे. द्वार राखले म्हणजे घर राखले जाते.