रांजणातले खडे

गेल्या माघ महिन्यात शिरूर कासार तालुक्यातील एका लहानशा गावी सप्त्याच्या कीर्तनास जाण्याचा योग आला. बालाघाटाच्या कुशीतले गाव. देवळापुढे मंडप होता, टाळकरी होते. पण समोर पाहावे तो पिकल्या केसांची मंडळी आणि शाळकरी पोरे. कर्ती माणसे दिसेनात. विचारता कळले की निम्म्याहून अधिक गाव ऊसतोडीला गेले आहे. आमच्या बीड जिल्ह्यातील वाचकांस यात नवल नाही. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिकडचा हिशेब.

निरूपणात आम्ही वाल्या कोळ्याची कथा घेतली होती. कथा रंगली. माणसांनी डोळे पुसले. नंतर पाया पडण्यास आलेल्यांत एक तरुण मुलगी होती. गावच्या शाळेत ऊसतोड्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालते, तेथे ती मुलांचे जेवणखाण, अभ्यास पाहते. तिचे आईबाप अजून कोयत्यावर आहेत. ती म्हणाली, "म्हाराज, राग मानू नका, एक इचारते. वाल्याचा वाल्मीकि झाला, लई चांगलं झालं. पण रांजणातल्या खड्यांचं काय झालं?"

आम्ही गप्प झालो. चाळीस वर्षे ही कथा सांगत आलो. एका जिवामागे एक खडा, असे रांजण भरले, हे मोठ्या रसाने सांगतो. आणि मग रांजण तिथेच टाकून वारुळाकडे वळतो. ते खडे म्हणजे घरी परत न पोहोचलेली माणसे होत. वाल्या तरला, उत्तम झाले. पण त्याच्या तरण्याने एकही खडा रांजणाबाहेर आला नाही.

तेव्हा प्रश्न असा की, बुडालेल्यास बाहेर काढणे श्रेष्ठ, की बुडूच न देणे? पहिल्याची कीर्तने होतात. दुसऱ्याचे कीर्तन कोण करणार? जे घडलेच नाही त्याची कथा कशी सांगावी? न झालेल्या अनर्थाला साक्षीदार नसतो. न बुडालेले लेकरू आभार मानण्यास येत नाही, कारण आपण बुडणार होतो हे त्यास ठाऊकच नसते.

पाठशाळेत न्याय शिकताना गुरुजींनी अभावाचे प्रकार सांगितले होते. घट उत्पन्न होण्यापूर्वी जो त्याचा अभाव, तो प्रागभाव. घट फुटल्यावर जो अभाव, तो प्रध्वंसाभाव. प्रागभावाला आरंभ नाही, पण अंत आहे. प्रध्वंसाला आरंभ आहे, पण अंत नाही. तेव्हा आम्ही हे केवळ पाठ केले. आज त्याचा अर्थ निराळा लागतो. अनर्थ जोवर घडला नाही तोवर त्याचा प्रागभाव आपल्या हाती आहे. तो जपला तर जपला. एकदा का घट फुटला, की त्या फुटण्याला शेवट नाही. कुंभार दुसरा घट देईल, तोच घट देणार नाही.

हे लिहिताना आमच्या स्वतःच्या रांजणातला एक खडा आठवतो, तो लपवणे बरे नव्हे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका ओळखीच्या घरी आम्हांस लग्नाला बोलावले. नवरी चौदाच्या वर नसावी. मुंडावळ्या सांभाळताना तिचे लक्ष मांडवाबाहेर खेळणाऱ्या पोरींकडे होते. आम्ही मंगलाष्टके म्हटली, अक्षता टाकल्या, पानसुपारी घेतली आणि निघालो. वय विचारले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते, म्हणूनच विचारले नाही. पुढे आषाढीच्या वाटेवर एका मुक्कामी एक बाई पाया पडली. तिशीच्या आतली, पण कंबर धरून बसली, कंबर धरून उठली. लागोपाठ बाळंतपणे, ऊसाच्या मोळ्या, आणि शेवटी पिशवी काढलेली. म्हणाली, "म्हाराज, माझ्या लग्नात तुमीच अक्षदा टाकल्या व्हत्या." ती भक्तीने म्हणाली हो! दोष देऊन म्हणाली असती तर आम्हांस सोपे गेले असते.

ही एकीची गोष्ट नव्हे. २०१९ साली शासनाच्या समितीने जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा गर्भाशय काढून टाकलेल्या १३,००० हून अधिक निघाल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे आपल्या जिल्ह्यात २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांत शंभरांमागे ४० हून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. साऱ्या राज्याचा आकडा बावीसच्या आसपास, म्हणजे आपल्या निम्म्याच्या जवळ. वास्तविक १९७८ पासून मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस ही वयाची अट आहे. २००६ चा कायदा तर लग्न लावणाऱ्यासही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतो. म्हणजे आमच्यासारख्यांसही!

मग हे आईबाप निर्दय म्हणावे काय? मुळीच नाही. सहा महिने घर सोडायचे. तेरा वर्षांची पोर म्हाताऱ्या आजीजवळ ठेवावी तर जिवाला घोर, बरोबर नेऊन फडाशेजारच्या कोपीवर ठेवावी तर त्याहून घोर. त्यापेक्षा तिचे हात पिवळे करावेत. शिवाय जोडपे झाले की कोयता झाला, कोयता झाला की उचल आली. हे पाप हौसेचे नव्हे, भीतीचे आणि दारिद्र्याचे आहे. त्या मुलीने आम्हांस हेच सांगितले. "लगीन थांबवता येतं म्हाराज. १०९८ ला फोन केला, की मानसं येत्यात. पन दसऱ्याला त्या पोरीला ठिवायचं कुठं?"

येथेच सगळे धर्मशास्त्र आले. 'करू नको' म्हणणे म्हणजे वारणे नव्हे. ज्याने 'करू नको' म्हटले, त्याने त्या पोरीचे सहा महिने आपल्या शिरावर घेतले पाहिजेत. नुसती मनाई करणारा धर्म सांगतो. सांभाळ करणारा धर्म पाळतो.

असा सांभाळ करणारे लोक आपल्याच जिल्ह्यात आहेत. आर्वी येथे दीपक आणि कावेरी नागरगोजे या दांपत्याने बाबा आमटे यांच्या प्रेरणेने 'शांतिवन' उभे केले. ऊसतोड्यांची आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची लेकरे तेथे राहतात, शिकतात. मुकुंदराजांच्या अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये 'मानवलोक'चे काम मांडले, आणि शैलाताई लोहियांनी 'मनस्विनी'तून बायाबापड्यांना आधार दिला. गावोगावच्या हंगामी वसतिगृहांत पोर आपल्याच गावी राहते, शाळा सुटत नाही, दोन वेळचे अन्न मिळते. दिसायला ही खिचडीची पंगत. पण त्या एका पंगतीने किती अक्षता थांबतात, याचा हिशेब पांडुरंगालाच ठाऊक. आणि हे आपल्या संप्रदायाला परके थोडेच आहे? भगवानगडाचे संत भगवानबाबा १९६५ साली वैकुंठवासी झाले. कीर्तन करता करता त्यांनी लेकरांच्या शिक्षणाचा धोशा लावला होता. २०२१ मध्ये शासनाने ऊसतोड्यांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना काढली, तिला त्यांचेच नाव दिले.

कोणी म्हणेल, महाराज, ज्याचे त्याचे प्रारब्ध. आपण मध्ये पडणारे कोण? आमचे उत्तर असे. प्रारब्ध कळते ते फळ आल्यावर. आपल्यावर आलेले दुःख शांतपणे सोसण्यासाठी तो शब्द आहे. दुसऱ्याच्या लेकरावर येऊ घातलेले दुःख पाहून स्वस्थ बसण्यासाठी तो वापरला, तर तो वेदांत नव्हे, आळस होय. विहिरीच्या काठाशी रांगणाऱ्या पोराचे प्रारब्ध कोणी विचारीत बसतो काय? आधी उचलतो.

आपली तुळशीची माळ तरी काय आहे? ती दारू सुटल्यावर मिळणारे बक्षीस नाही. पेला तोंडाशी लागण्यापूर्वीच गळ्यात घालायची असते. वारकऱ्याचे लेकरू लहानपणी माळ घेते, ते याचसाठी. पण आजचे चित्र पाहा. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळतेच. ज्याचे आईबाप फडावर आहेत त्या पोराला संध्याकाळी 'कुठे होतास रे?' असे विचारणारे माणूस घरी नसते. माळ गळ्यात राहावी तर विचारणारे माणूस पाठीशी हवे. नुसत्या मण्यांच्या भरवशावर पोर सोडू नये.

म्हणून आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे. नवरीचे वय शाळेच्या दाखल्यावर पाहिल्याशिवाय अक्षतेला हात लावायचा नाही. मग यजमान रुसले तरी चालेल. आणि लग्न थांबवून आलो, तर त्या पोरीची दसऱ्याची सोय लावल्याशिवाय त्या गावातून हलायचे नाही. सप्ते करणाऱ्या मंडळींसही विनंती आहे. काल्यानंतर उरलेले धान्य वाटून टाकण्यापूर्वी गावच्या वसतिगृहाकडे एक पोते जाऊ द्या. दसऱ्यापूर्वी एकदा देवळात बसून, कोणाची पोरे मागे राहणार आणि त्यांच्याकडे कोण पाहणार, याची यादी करा. यासाठी संस्था काढावी लागत नाही. चार म्हाताऱ्या माणसांनी मनावर घेतले तरी पुरे.

त्या मुलीला त्या रात्री आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. सकाळी निघताना ती वसतिगृहाच्या दारात पोरींच्या वेण्या घालीत होती. पटावर पस्तीस नावे होती. आम्ही ती एकेक करून वाचली. वाल्याची कथा आम्ही पुढेही सांगू. पण रांजणापाशी आता थोडे थांबू.

रामकृष्ण हरि.