यादी चुकली म्हणजे काय चुकलं?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन फुटबॉलचा फँटसी खेळ खेळणाऱ्या बहुतेकांच्या हातात खेळाडूंच्या क्रमवारीची जी यादी होती, तिच्या माथ्यावर एकच नाव होतं : ख्रिश्चन मकॅफ्री. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या या रनिंग बॅकने आदल्या मोसमात धावून १४५९ यार्ड कमावले होते, धावून आणि झेलून मिळून २१ टचडाउन केले होते आणि वर्षातला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू हा किताब मिळवला होता. नवा मोसम सुरू झाला आणि पायाच्या दुखण्यामुळे तो संघाच्या पहिल्या आठ सामन्यांना मुकला. परतला, चार सामने खेळला, गुडघा दुखावला आणि त्याचं वर्ष तिथेच संपलं. टचडाउन एकही नाही. त्या डिसेंबरात जो तो एकच वाक्य बोलत होता : यादी चुकली.

हे वाक्य खटकतं. यादी म्हणजे भविष्य असेल तर ती चुकलीच. पण ऑगस्टमध्ये हातात असलेल्या माहितीची ती मांडणी असेल, तर डिसेंबरात काय घडलं यावरून तिला नापास करता येत नाही. मग यादी चूक की बरोबर, हे ठरवायचं कशावरून?

खेळाची कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. २००८ साली मुंबईत सुरू झालेल्या ड्रीम इलेव्हनमुळे प्रत्यक्षातल्या खेळाडूंचा कागदी संघ ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी पोचली. फरक एवढाच, की ड्रीम इलेव्हनवर लाखो माणसं एकाच सामन्यात विराट कोहलीला आपापल्या संघात घेऊ शकतात. अमेरिकेतल्या जुन्या धाटणीच्या लीगमध्ये तसं चालत नाही. दहा-बारा मित्र किंवा सहकारी मोसमाच्या तोंडावर एकत्र येतात, पाळीपाळीने एकेक नाव घेतात, आणि एकदा घेतलेला खेळाडू त्या लीगमध्ये दुसऱ्या कुणाला मिळत नाही. याला ड्राफ्ट म्हणतात. पहिल्या फेरीत शेवटी निवडणारा दुसऱ्या फेरीत पहिला, अशी ही नागमोडी रांग असते. रनिंग बॅक म्हणजे चेंडू छातीशी धरून समोरच्या भिंतीत घुसणारा माणूस. त्याने कमावलेले यार्ड आणि टचडाउन, म्हणजे गोलरेषेपार नेलेले चेंडू, यांचे गुण होतात, आणि आठवड्याला वीस गुण हमखास देणारे रनिंग बॅक थोडेच असतात. म्हणून क्रमवारीची सगळी ओढाताण त्यांच्याभोवती चालते.

क्रमवारीत एक मोठी उणीव आहे. ती क्रम सांगते, अंतर सांगत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात अर्ध्या गुणाचा फरक असो की पन्नास गुणांचा, छापील यादीत दोन्ही ठिकाणी एकाच ओळीची जागा असते. दहावीच्या गुणवत्ता यादीने महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना हाच चकवा वर्षानुवर्षं दिला.

२००६ चा मोसम पाहा. सॅन डिएगोच्या लाडेनियन टॉमलिन्सनने त्या वर्षी धावून १८१५ आणि झेलून ५०८ यार्ड मिळवले, आणि ३१ टचडाउन केले. दहा यार्डांना एक गुण आणि टचडाउनला सहा, या साध्या हिशेबाने त्याचे सुमारे ४१८ गुण होतात. कॅन्सस सिटीच्या लॅरी जॉन्सनचे ३३४, सेंट लुईसच्या स्टीव्हन जॅक्सनचे ३२९. पहिल्या आणि दुसऱ्यात ८४ गुणांची दरी, दुसऱ्या आणि तिसऱ्यात जेमतेम पाच गुण. यादी मात्र सांगणार एक, दोन, तीन.

पुढची गंमत अधिक बोलकी आहे. आज बऱ्याच लीगमध्ये प्रत्येक झेलाला एक जादा गुण देतात. त्या वर्षी जॅक्सनने ९० झेल घेतले होते, जॉन्सनने ४१. या नियमाने जॅक्सन ४१९ वर जातो आणि जॉन्सन ३७५ वर. क्रम उलटतोच, शिवाय पाच गुणांचं अंतर उलट्या दिशेने ४४ गुणांचं होतं. दोघांचे पाय तेच, सामने तेच, फक्त मोजायचं काय हे बदललं.

जो ब्रायंट या फँटसी लेखकाने मांडलेली एक साधी गोष्ट या खेळाचा पाया बनली ती यामुळेच. खेळाडू किती गुण मिळवील हा प्रश्न अपुरा आहे. त्याच्या जागी जो सहज मिळेल, त्याच्यापेक्षा तो किती जास्त मिळवील, हा खरा प्रश्न. बारा संघांच्या लीगमध्ये प्रत्येकाला दोन रनिंग बॅक लागत असतील तर चोविसाव्यानंतरचे सगळे वाटेवर पडलेले असतात. खेळाडूची किंमत त्या चोविसाव्यापासून मोजायची. म्हणजे पुन्हा अंतरच.

हाच हिशेब खऱ्या क्लबांच्या कार्यालयांतही होतो, आणि तिथे उत्तर उलटं येतं. २०२३ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क जायंट्सचा सेक्वॉन बार्कली आणि लास व्हेगास रेडर्सचा जॉश जेकब्स यांना दीर्घ करार नाकारून सुमारे एक कोटी डॉलरच्या एका वर्षाच्या करारावर अडवण्यात आलं. आदल्या वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त यार्ड धावला होता तो जेकब्स. त्या जुलैत ऑस्टिन एकलर या रनिंग बॅकच्या पुढाकाराने अनेक रनिंग बॅक व्हिडिओ कॉलवर एकत्र आले आणि आपल्या जागेचा भाव का पडला यावर बोलले. क्लबांचं म्हणणं असं, की धावपटू पंचविशी ओलांडता ओलांडता झिजतो, आणि क्लबांच्या स्वतःच्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत घेतलेला स्वस्त पोरगाही जवळपास तेवढंच काम करतो. त्यांच्या वहीत चांगल्या आणि साध्या रनिंग बॅकमधलं अंतर कमी, कारण ते सामने जिंकणं मोजतात. फँटसी खेळणाऱ्यांच्या वहीत तेच अंतर प्रचंड, कारण तिथे यार्ड आणि टचडाउन मोजले जातात. ज्या माणसावरून ऑगस्टमध्ये लाखो घरांत भांडणं होतात, त्याचा स्वतःचा मालक त्याच्याशी दोन वर्षांचा करार करायलाही कचरतो. यात अन्याय आहे. शरीर दोन्ही हिशेबांत त्याचंच खर्ची पडतं.

थोडं आडवाटेला जावंसं वाटतं, कारण या खेळाच्या जन्मातच क्रमवारीचं भांडण आहे. १९६२ मध्ये ओकलंड रेडर्सचा संघ पूर्व किनाऱ्याच्या दौऱ्यावर असताना, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात क्लबचे एक भागीदार बिल विंकेनबाख, क्लबचे प्रसिद्धी अधिकारी बिल टनेल आणि ‘ओकलंड ट्रिब्यून’चे वार्ताहर स्कॉटी स्टर्लिंग यांनी मिळून फँटसी फुटबॉलचे नियम लिहिले. पुढच्या वर्षी विंकेनबाख यांच्या ओकलंडमधल्या घरी आठ संघांचा पहिला ड्राफ्ट झाला. पहिली निवड अँडी मूसालिमास यांच्या वाट्याला आली. पुढे ओकलंडमधल्या आपल्या बारमधून त्यांनीच हा खेळ बाहेरच्या लोकांपर्यंत नेला. त्यांच्यासमोर क्लीव्हलंडचा जिम ब्राउन होता, त्या काळचा निर्विवाद श्रेष्ठ रनिंग बॅक. त्यांनी घेतला ह्यूस्टनचा जॉर्ज ब्लांडा. ब्राउनने त्या वर्षी १४ सामन्यांत १८६३ यार्ड धावून स्वतःचाच विक्रम मोडला. या निवडीला साठ वर्षं लोक चूक म्हणत आले. पण ब्लांडा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, होता आणि गोलवर किकही तोच मारायचा, म्हणजे एकाच नावावर दोन जागांचे गुण जमा व्हायचे. कोण श्रेष्ठ, हे बाजूला ठेवून या नियमांत कोण जास्त देईल, असा प्रश्न पहिल्याच दिवशी कुणाला तरी पडला, ही गोष्ट दाद देण्याजोगी आहे.

आता प्रतिपक्ष. २०१३ मध्ये फँटसी लेखक शॉन सीगेल यांनी एक लेख लिहून असा पवित्रा घेतला, की पहिल्या काही फेऱ्यांत रनिंग बॅकला हातच लावू नये. नसीम तालेब यांचा विचार त्यांनी आधाराला घेतला : काही गोष्टी धक्क्याने मोडतात, काहींना धक्क्याचा फायदा होतो. रनिंग बॅक हमखास मोडतात. एक मोडला की त्याचं सगळं काम त्याच्या मागच्या, कुणी न विचारलेल्या खेळाडूकडे जातं. तेव्हा सुरुवातीला चेंडू झेलणारे भरवशाचे रिसीव्हर घ्यावेत, शेवटच्या फेऱ्यांत असे मागचे धावपटू गोळा करावेत आणि गोंधळाची वाट पाहावी.

दाखले त्यांच्या बाजूने भरपूर आहेत. लॅरी जॉन्सनने २००६ मध्ये ४१६ वेळा चेंडू धावत नेला, तो विक्रम आजही अबाधित आहे. पुढच्या वर्षी निम्म्या मोसमात त्याचं पाऊल मोडलं. डेव्हिड जॉन्सनने २०१६ मध्ये २० टचडाउन केले, २०१७ च्या याद्यांत तो शिखरावर होता, आणि पहिल्याच सामन्यात त्याचं मनगट गेलं. २०२४ च्या पहिल्या सामन्यात मकॅफ्री बसला तेव्हा त्याच्या जागी आलेल्या जॉर्डन मेसनने जेट्सविरुद्ध १४७ यार्ड काढले. ड्राफ्टमध्ये मेसनचं नाव फारसं कुणी घेतलं नव्हतं.

तरीही सीगेल यांचा निष्कर्ष पटत नाही. ‘रनिंग बॅक मोडतात’ हे विधान एका जातीविषयी आहे. ड्राफ्टमध्ये जात निवडत नाहीत, माणूस निवडतात. ज्यांनी २०२४ मध्ये जात म्हणून धावपटू टाळले, त्यांनी बार्कलीचे २००५ यार्ड गमावले आणि तिशीतल्या डेरिक हेन्रीचे १९२१ यार्डही. शिवाय हा डाव बाकीचे खेळत नाहीत तोवरच चालतो. बाराच्या बारा जणांनी धावपटू टाळले, तर तेच दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मातीमोल भावाने पडून राहतील, आणि शहाणा माणूस ते उचलील. सीगेल यांनी जिला नियम मानलं ती खरं तर बाजारभावाची एका काळची अवस्था होती. वर्षाला ३७० किंवा त्याहून जास्त वेळा धावलेल्याला पुढच्या वर्षी शाप लागतो, हे फुटबॉलचे आकडेतज्ज्ञ ॲरन शात्झ यांचं निरीक्षण त्याच पठडीतलं. ३७० वेळा धावण्यासाठी वर्षभर धडधाकट राहावं लागतं. असं भाग्याचं वर्ष सहसा लागोपाठ दोनदा येत नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मग क्रम टाकून अंतरच का ठेवू नये? तशी सोय झालेली आहे. बरेच जण आता एक ते चाळीस असे आकडे न देता गट पाडतात : पहिल्या गटात तीन नावं, दुसऱ्यात सहा, आणि गटाच्या आत सगळे सारखे. काही लीगमध्ये तर ड्राफ्टऐवजी लिलाव होतो. प्रत्येकाला बहुधा २०० लुटुपुटूचे डॉलर मिळतात आणि बोलीतूनच अंतर दिसतं. टॉमलिन्सनला ७० आणि जॅक्सनला ४० मोजायची मुभा असेल, तर एक-दोन-तीनची गरज काय? आतापर्यंतचा सगळा युक्तिवाद इथेच येऊन थांबायला हवा.

तो थांबत नाही. गट पाडणारा ज्या क्षणी ‘हे सहा सारखे’ असं म्हणतो, त्या क्षणी तो पाहणं सोडतो. अंतर मोठं असतं तिथे विचार करावाच लागत नाही. टॉमलिन्सनला कुणीही पहिलाच ठेवील. विचाराची गरज असते ती अंतर जवळजवळ शून्य असतं तिथे. आणि तिथे माणसाला बोलायला लावणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे क्रम. घड्याळ चालू असतं, एकच नाव घ्यायचं असतं, ‘दोघेही’ हे उत्तर नसतं. याला वर का ठेवलं, त्याला खाली का, हे स्वतःलाच सांगावं लागतं. यादी तपासायची ती या कारणांवरून; डिसेंबरातल्या गुणांवरून तपासण्यात अर्थ नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये जोनाथन टेलर, जमीर गिब्ज आणि सेक्वॉन बार्कली ही नावं बहुतेक याद्यांत एकमेकांना चिकटून होती. गट पाडणाऱ्याला ती तिन्ही सारखीच. क्रम लावणाऱ्याला मात्र खोलात जाणं भाग होतं. गिब्ज डेट्रॉइटमध्ये डेव्हिड मॉन्टगोमरीबरोबर काम वाटून घेत होता. बार्कली जायंट्स सोडून फिलाडेल्फियाला गेला होता, आणि तिथे गोलरेषेजवळ क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला मागून ढकलून टचडाउन करण्याची रीत होती, म्हणजे बार्कलीचे टचडाउन कमी होण्याची भीती होती. त्याविरुद्ध एक गोष्ट होती. जॉर्डन मायलाटा आणि लेन जॉन्सन यांच्यासारखे वाट मोकळी करणारे धिप्पाड गडी जायंट्समध्ये त्याला फारसे मिळाले नव्हते. २०२३ मध्ये जायंट्सकडून २४७ धावांत त्याने ९६२ यार्ड काढले होते, एका धावेला सरासरी ३.९. त्याचे गुडघे थकले म्हणून हा आकडा इतका खाली आला, की त्याच्यापुढची भिंत कच्ची होती म्हणून, याचं उत्तर बार्कलीला टेलरच्या वर किंवा खाली लिहिणाऱ्या प्रत्येकाला शोधावं लागलं. पुढच्या मोसमात त्याची सरासरी ५.८ झाली.